पांढऱ्या साडीबद्दल मी खोटं बोलले

तोंडाळ म्हणून मी भिवंडीतल्या सगळ्या कामतघरात प्रसिद्ध आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं धाकटी बहीण म्हणते, नवरा म्हणतो, शेजारची भाभी तर सरळ तोंडावर म्हणते. मीही हसते. हो गं बाई, नाही भिजत. पण एक गोष्ट आहे—सहा वर्षं झाली—ती मी कुणाजवळ काढलेली नाही. बहिणीला नाही, नवऱ्याला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्या आईला आणि पप्पांना तर नाहीच नाही. तुला सांगते. तुलाच का, ते विचारू नकोस. तू आमच्या घरातलं कुणी नाहीस, एवढंच कारण असेल.

आधी मी काय करते ते सांगते, म्हणजे तुला हसू येईल. नारपोलीत माझा क्लास आहे. बारावी झालेल्या, बी.कॉम. झालेल्या मुली येतात. गोडाऊनच्या ऑफिसात, ठाण्याला बँकेत, कॉल सेंटरला मुलाखती द्यायच्या असतात त्यांना. मी त्यांना उभं कसं राहायचं, बोलायचं कसं आणि मुख्य म्हणजे कुठं काय घालून जायचं ते शिकवते. मुलाखतीला साधा रंग, कडक इस्त्री, ओढणीला पिन. बांगड्या वाजता कामा नयेत. सेठच्या घरच्या लग्नाला जाताना वेगळं, मयताला वेगळं, साहेबाच्या निरोपसमारंभाला वेगळं. “जिथं जायचं त्या घरची रीत आधी विचारा, मग कपाट उघडा”—हे माझं ठरलेलं वाक्य. मुली वहीत लिहून घेतात! मागे एकीनं विचारलं, “मॅडम, पांढरा चालेल?” मी म्हटलं, चालेल की. आणि मग उगाचच पाण्याची बाटली तोंडाला लावली. आपलं ठेवायचं झाकून—पुढचं तुला माहीतच आहे.

आमचे पप्पा लूमवर जॉबर. म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. शिफ्ट संपवून घरी येतात तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, कानात कापसाची पिसं. दारातूनच मोरीत जायचं, आंघोळ करायची, धुतलेला सदरा घालायचा आणि मगच चहा. मी लहानपणापासून हेच बघितलंय. एकदा मी म्हटलं, पप्पा, चहा तरी आधी घ्या. तर म्हणाले, “न्हाय. मागावर कामगार, घरान मानूस.”

आमच्यात कपड्यांना फार अर्थ आहे. आजी सांगायची, एकेकाळी आपण काय घालायचं आणि काय नाही ते गाव ठरवायचं. धुतलेलं नेसलं तरी म्हणायचे, माज आलाय. म्हणून आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर निळ्या कोटातला, टाय लावलेला तो फोटो असतो ना, तो नुसता फोटो नाही. लहानपणी मला वाटायचं, त्यांचं लक्ष आपल्या फ्रॉकच्या तुटलेल्या बटणाकडे आहे. खरंच वाटायचं.

आणि पांढरा रंग. आमच्याकडे लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवरा पांढऱ्यात. बारशाला पांढरं, वंदनेला पांढरं, नव्या घरात पाऊल टाकायचं तरी पांढरं. आईची एक साडी होती—आहे—बारीक निळ्या काठाची. ती तिची सगळ्यात भारी साडी. किमतीनं नव्हे, मानानं. नीळ किती घालायची याचा तिचा हात असा बसलेला, की शेजारणी आपल्या साड्या तिच्याकडे घेऊन यायच्या. आई कुंकू लावत नाही आणि मंगळसूत्रही घालत नाही. कुणी सोडायला लावलं नाही, तिनंच विचार करून सोडलं. तेव्हा आत्यानं भांडण काढलं, तर पप्पा म्हणाले होते, “मी जिता हाय ना हितं समोर? मंग त्याची पाटी तिच्या गल्यान कशाला?” घरात सगळे हसले होते. मीपण.

आता तू म्हणशील, ही फिरून फिरून साडीवरच येतेय. येतेय खरी. धीर धर, मलाही धरावा लागतोय.

दोन हजार तीनचा सुमार. मी नुकतीच अंजूरफाट्याजवळच्या एका गुजराती सेठच्या ऑफिसात लागले होते. कापडाच्या गाठींचं गोडाऊन. सेठ बाहेरचं बघायचे आणि ऑफिस बघायच्या त्यांच्या बायको—हंसाबेन. ठेंगण्या, चष्मा नाकावर, आवाज खणखणीत. बिल्टी, म्हणजे ट्रकनं धाडलेल्या मालाची पावती, चुकली की झाडायच्या, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला ठेपला जबरदस्तीनं हातावर ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात कुणीतरी मला विचारलं, “आडनावावरून कळत नाही, तुम्ही लोक कोण?” मी म्हटलं, “मराठी.” बस. पुढं काही नाही. तिथं मला कुणी कधी वाईट बोललं का? नाही. एकदा जेवताना कुणीतरी कुणाबद्दल तरी ‘वो लोग’ म्हणालं, तेही माझ्याबद्दल नव्हे. पण मी तेवढ्यावरच आतून कडी लावून घेतली.

लागून पंधरा दिवस झाले असतील, तर सेठचे म्हातारे काका वारले. शोकसभेला सगळं ऑफिस निघालं. मी गेले—काय घालून? पिवळा ड्रेस, गळ्याशी आरसे! आत शिरले आणि पायच अडखळले. सगळ्या बायका पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर. मी त्या पांढऱ्यात हळदीच्या डागासारखी दिसत होते. हंसाबेननी काही म्हटलं नाही, नुसतं मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मला कळलं, यांच्यात पांढरं कशाला असतं. हे लक्षात ठेव. मला माहीत होतं. मी अडाणीपणानं काही केलं, असं मला म्हणता येणार नाही.

मग चार महिन्यांनी नव्या गोडाऊनचं उद्घाटन ठरलं. सेठचा मुलगा नुकताच बाहेर शिकून आलेला. त्यानं इंग्रजी कार्ड छापलं आणि खाली टाकलं—ड्रेस कोड फॉर्मल. अगं बाई गं, त्या एका ओळीनं आठवडाभर ऑफिसात जो गोंधळ घातला! फॉर्मल म्हणजे काय? सुपरवायझर म्हणाला, सफारी. ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, शेरवानी, निकाह में पहनी थी, एकदम नई है. ज्यांच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं ते अंजूरचे दामूशेठ कार्ड उलटसुलट करून म्हणाले, “माना कोटान उकडतंय. गल्यान सोना हाय, त्योच माझा फॉर्मल.” आणि हे सगळे विचारायला कुणाकडे? माझ्याकडे. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली ना! मी टेबलाशी बसून एकेकाला सांगत होते, तुम्ही हे घाला, तुम्ही ते नको. क्लासची सुरुवात खरं तर तिथंच झाली म्हण.

कार्डावर ‘सहकुटुंब’ होतं. पप्पांची ड्युटी होती, ते म्हणाले तुम्ही दोघी जा. आणि आईनं—तिला कुणाला काही विचारायचीच गरज नव्हती. मोठ्या माणसाचं चांगलं काम, म्हणजे पांढरी साडी. आदल्या दिवशी नीळ दिली, खळ दिली, सकाळी इस्त्री केली. मी तिथंच उभी होते. मी बघत होते. मला सांगता आलं असतं की आई, त्यांच्यात हे चालत नाही, ती हिरवी नेस. का नाही सांगितलं? कारण ती विचारणार—का नाही चालत? मग सांगायला लागणार. आणि मग ती म्हणणार, त्यांना सांग ना आपल्यात चालतं म्हणून. आणि तेच तर मला कुणाला सांगायचं नव्हतं! मी गप्प बसले. रिक्षात बसलो तेव्हा तिच्या साडीला कडक कापडाचा छान वास येत होता.

तिथं पोचलो. पूजा सुरू. बायका नव्या शटरला हळदीकुंकू लावत होत्या. ताट फिरत फिरत आईपाशी आलं आणि हंसाबेनच्या नणंदेनं ते हळूच मागं ओढलं. मी बघितलं. आईनंही बघितलं—आणि तिला बरं वाटलं! माझ्या कानात म्हणाली, “बघ, किती समजूतदार. मी कुंकू लावत न्हाय ते यांनी वळखलं.” मला त्या जागी जमीन फाटली तर बरं असं झालं.

मग हंसाबेन मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. माझा हात हातात घेतला. चष्म्यामागं डोळे पाणावलेले. म्हणाल्या, “पप्पा कब गये, बेटा?”

आता ऐक.

मला दोन उत्तरं देता आली असती. एक—पप्पा कुठं गेले नाहीत, लूमवर आहेत, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात चांगल्या कामाला पांढरंच नेसतात. म्हणायला किती वेळ लागतो? आत्ता म्हटलं ना, लागला का? आणि दुसरं उत्तर मी दिलं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, “चार महिने झाले.”

चार महिने झाले! माझे पप्पा त्या घटकेला दोन किलोमीटरवर मागाच्या खाली उताणे झोपून पान्यानं नट आवळत होते. आणि मी त्यांना मारून टाकलं. तेही काय—महिने मोजून. हंसाबेननी मला पोटाशी धरलं, “कैसी लड़की है, बताया भी नहीं,” म्हणाल्या. आणि मी धरून घेतलं. थोडी रडलेही. ते रडू कसलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

वाटलं, झालं, मिटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला—पण खोट्याला पाय फुटतात, आणि ते आपल्याच घराकडे चालत येतात.

पुढच्याच रविवारी पौर्णिमा होती. पप्पांनी लूमवर खाडा केला होता. सकाळी विहारात वंदना करून आम्ही सगळे घरी आलेलो—आई त्याच साडीत, बहीण पांढऱ्या ड्रेसमध्ये, पप्पा मोरीत हातपाय धूत होते. चुलीवर म्हण, गॅसवर म्हण, खीर होती. बाहेर गल्लीत माग धडधडत होते नेहमीसारखे. आणि दारात हंसाबेन. पांढरी साडी. डोक्यावर पदर. एकट्या. गाडी नाक्यावर ठेवून चालत आलेल्या, पायांना चिखल.

मला कळलं त्या कशासाठी आल्यात. त्या माझ्या पप्पांच्या मरणाला आल्या होत्या.

आणि आईला काय वाटलं असेल, सांग बरं? आईनं त्यांना बघितलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू—“अगं, या बघ कशा आल्यात! पौर्णिमेचं आपल्याकडं यायचं तर पांढरं नेसून आल्यात!” तिला वाटलं, एवढी मोठी सेठाणी आपली रीत विचारून, आपल्या घरी येताना आपल्यासारखं नेसून आली. जन्मात तिला कुणी एवढा मान दिला नव्हता. ती धावली, खुर्ची पुसली, पाणी आणलं.

हंसाबेननी हात आडवा केला. “नहीं बेन.” त्यांच्या घरची रीत अशी, की शोक करायला पहिल्यांदा जातात त्या घरचं पाणी घेत नाहीत. मला ते माहीत होतं. आईला कुठं माहीत? तिनं फक्त एवढंच बघितलं, की एका मोठ्या घरच्या बाईनं आपल्या घरचं पाणी नाकारलं. तिच्या आजीनं, तिच्या आईनं जे आयुष्यभर बघितलं होतं तेच. तिच्या हातातलं तबक तसंच राहिलं. चेहऱ्यावरचा उजेड गेला. मी तिथंच होते, दोन हातांवर. एक शब्द मी बोलले नाही. तुला सांगते, पप्पांना मारलं ते एक वेळ जिभेची चूक म्हण, पण हे? आईचा चेहरा उतरताना बघत उभी राहिले, हे कशात बसवायचं?

तेवढ्यात पप्पा आले. पांढरा सदरा, खांद्याला पंचा. “या या, बसा. वैशाली, पंखा लाव मोठा.”

हंसाबेननी विचारलं, “ये...?”

“आमचे मिस्टर,” आई म्हणाली. आवाज अजून पडलेलाच. “वैशालीचे पप्पा.”

हंसाबेननी पप्पांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग भिंतीवरच्या निळ्या कोटाकडे, बुद्धमूर्तीपुढच्या फुलांकडे, बहिणीच्या पांढऱ्या ड्रेसकडे, आईच्या साडीकडे. बिल्टीतली चूक त्या अशाच शोधायच्या—वरून खाली, एकेक ओळ. मी डोळे मिटून घेतले. आता फुटणार.

काहीच फुटलं नाही. डोळे उघडले तर त्यांनी आईच्या हातातल्या तबकातला पेला स्वतः उचलला होता. घटाघटा पाणी प्यायल्या, सगळं. म्हणाल्या, “और एक दो बेन. धूप में चलके आयी.” डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग खीर मागून घेतली, वाटी दोनदा भरून. आईनं सांगितलं, आमच्यात लग्नाला, बारशाला, सगळ्याला पांढरंच. हंसाबेन म्हणाल्या, “हमारे में तो—” आणि थांबल्या. “हमारे में तो सफेद इतना सफेद निकलता ही नहीं. नील कौनसी डालते हो?” आणि मग अर्धा तास त्या दोघी निळीवर बोलत बसल्या! आईचा चेहरा परत होता तसा झाला. तो मी परत आणला नाही. दुसऱ्या घरच्या बाईनं आणला.

सोमवारी मी राजीनामा लिहूनच गेले. त्यांनी तो वाचला, चार तुकडे केले. म्हणाल्या, “झूठी मौत की खबर से उमर बढ़ती है. तेरे पप्पा सौ साल जिएंगे. लेकिन मेरे ऑफिस में और किसी को मारना मत.” आणि बिल्ट्यांचा गठ्ठा पुढं सरकवला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ऑफिसात त्यांनी कुणाला काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तिथं आणखी दोन वर्षं काढली, आणि नवा माणूस लागला की त्यानं विचारायच्या आत सांगायला लागले, मी बौद्ध. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी डब्याकडेच बघत होते. कुणी साधी मानही वर केली नाही, डबे खात राहिले.

मग आता तू म्हणशील, सुधारलीस की, मग कबूल काय करायचं राहिलं?

आईची गोष्ट राहिली. आईनं त्या दिवसाची गोष्ट केली. विहारात सांगितली, माझ्या लग्नात सांगितली, बहिणीच्या सासरी सांगितली. “एवढी मोठी सेठाणी, पण आपल्याकडं यायचं म्हणून पांढरं नेसून आली.” पाण्याचा भाग ती सांगत नाही, तो तिनं गाळलाय. पप्पा शेजारी बसून मान डोलावतात. आणि मी? मीही मान डोलावते. सहा वर्षं डोलावतेय. किती वेळा म्हणून सांगू?

गेल्या रविवारी हंसाबेनच्या मुलीचं लग्न होतं, कल्याण रोडच्या हॉलमध्ये. पत्रिका आई-पप्पांच्या नावानं वेगळी आलेली. मी नियमाप्रमाणे आईला म्हटलं, आई, त्यांच्यात लग्नाला रंगीत नेसतात, मी तुला माझी जांभळी देते. तेवढंच म्हटलं. ती म्हणाली, “त्या माझ्या घरी माझ्यासारखं नेसून आल्या, आता मी त्यांच्या घरी जांभळी नेसू? मला काय म्हणतील?” पप्पांनी कोट काढला, निळाच. पंचावन्नाव्या वर्षी शिवलेला, खांद्यात घट्ट.

हॉलमध्ये शिरलो आणि तोच सीन. लाल, केशरी, पोपटी, आणि मधे आई. माना वळल्या. त्या नणंदबाई—केस आता पांढरे झालेत, पण नजर तीच—आईपाशी आल्या आणि हळूच, खरं तर कळवळ्यानंच विचारलं, “किसका शोक है, बेन?”

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला हिंदी येते. भिवंडीत कुणाला येत नाही?

परत तोच कोपरा, तोच प्रश्न. आणि या वेळेला मी बोलले. जरा मोठ्यानंच बोलले, माझा आवाज तसाच आहे. “किसीका नहीं. हम बौद्ध हैं. हमारे में शादी में सफेदही पहनते हैं. और ये मेरे पप्पा.” पप्पांनी नमस्कार केला. बाई म्हणाल्या, “अच्छा अच्छा, हमको पता नहीं था,” आणि आईला पुढच्या रांगेत जागा दिली. एवढंच. आभाळ पडलं नाही. हंसाबेननी स्टेजवरून बघितलं आणि आईला वर बोलावून नवरीच्या शेजारी उभं केलं, फोटोला. लालभडक नवरी आणि शेजारी आई. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, फिटलं सगळं.

परतताना रिक्षात पप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, काहीतरी गुणगुणत. मागं आम्ही दोघी. आईनं मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाली, “म्हणजे त्यांच्यात पांढरं मयताचं असतं.”

मी म्हटलं, हो.

अंजूरफाटा गेला. म्हणाली, “मग त्या दिवशी त्या आपल्याकडं कुणाच्या मयताला आल्या होत्या गं?”

मी काय म्हटलं असेन? हॉलमध्ये एवढी गर्जना करून आलेली मी—मी म्हटलं, “रिक्षाचा आवाज फार आहे, ऐकू येत नाही.”

ती हसली नाही, रागावली नाही. पाच दिवस झाले, परत विचारलं नाही. काल मी माहेरी असताना शेजारच्या भाभीनं लग्नाचा विषय काढला, तर आईनं ती सेठाणीची गोष्ट सांगितली नाही. पहिल्यांदाच. उठून कपडे वाळत घालायला गेली. तिनं हिशेब जुळवला असेल का? निळीत हात बसलेली बाई आहे ती, तिला कुठला डाग कशाचा ते कळतं. पण जुळवला असला तरी तो तिनं एकटीनं जुळवावा, हे मला सोसवत नाही.

आज शुक्रवार. लूम बंद, पप्पा घरी आहेत. मी क्लासला सुट्टी दिलीय. सकाळी कपाटासमोर उभी राहिले, काय घालू म्हणून—सवय मेली!—आणि असल्या कामाला काय घालून जातात ते मला ठाऊक नाही, म्हणून अंगावर होतं तेच राहू दिलं. पप्पा हसतील, की उठून बाहेर जाऊन बसतील, की नुसतंच “बरं” म्हणतील, मी मनात काही धरलेलं नाही. आई काय म्हणेल तेही नाही.

रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, तेवढं देणार. दोघांच्या समोर. आई, त्या पप्पांच्या मयताला आल्या होत्या, आणि पप्पा मेले असं त्यांना मी सांगितलं होतं, आपण कोण ते सांगायला लागू नये म्हणून.